गच्चीवरचा हायड्रोपोनिक्स सेट, 8 महिन्यांनंतर: पाला येतो, पैशाचं बघा

ऑक्टोबरात घेतला, 96 होलचा एनएफटी सेट (माती नाही, पाइपातून खताचं पाणी सतत फिरतं, एका होलात एक रोप), शेडनेट धरून 32 हजार पडले. विकणाऱ्याने 96 होल म्हणजे 96 लेट्यूस (सॅलडचा पाला) असं कागदावर लिहून दाखवलं आणि मीही मान डोलावली.

थंडीत एक नंबर चालला, खोटं कशाला बोलू. जानेवारीत 80 गड्डे निघाले, दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 12 किलो. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दोन कॅफेंनी 200 रुपये किलोने घेतलं, 2400 आले. त्यातून 40 वॅटचा पंप चोवीस तास म्हणजे रोजचा जवळपास एक युनिट, दीड महिन्याच्या बॅचला 450 लाईटबिल, खत-बी-कोकोपीट 500, पेट्रोल 250. उरले 1200. अशा 27 बॅच काढल्या की सेटचे पैसे फिटणार, आणि रोज सकाळी पाण्याचा आम्लपणा मोजायला पीएच मीटर घेऊन अर्धा तास घालवतो त्याची मजुरी धरलीच नाही.

खताचं मात्र नाशिकला सुख आहे. सेटसोबतच्या खताच्या बाटल्या संपल्यावर रिफिल घेऊ नका, द्राक्षवाल्यांमुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात कॅल्शियम नायट्रेट, 13:0:45, 0:52:34 (आकडे म्हणजे नत्र:स्फुरद:पालाश) सगळं मिळतं. फक्त कॅल्शियमची बादली वेगळी ठेवा, मी सगळं एकातच घट्ट कालवलं आणि तळाला पांढरा गाळ, खत वाया. आणि 19:19:19 नको, त्यात युरिया असतो, माती नसताना पिकाला तो नीट लागत नाही.

एप्रिलमध्ये वाट लागली. टाकीतलं पाणी 33 डिग्री, मुळं तपकिरी चिकट, जे वाचलं त्याने तुरा काढला आणि पाला कडू झाला, कॅफेवाल्याने परत पाठवला. त्यात एक दिवस दुपारी तीन तास लाईट गेली, पाइपात पाण्याचा नुसता पातळ थर असतो, पंप बंद म्हणजे खेळ खल्लास, संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो तर सगळी रोपं माना टाकून.

मध्ये मेथी पण लावून बघितली. आई म्हणे, "अरे, जुडीभर मेथीला चोवीस तास पंप?" बरोबरच आहे तिचं, दिंडोरी-मखमलाबादची मेथी पंचवटीच्या मार्केटला आवक वाढली की मातीमोल जाते, तिच्याशी आपण काय भावात उतरणार.

मावसभावाला हेच खोलीत करायचंय, एसी लावून. त्याला म्हटलं एका रॅकला उन्हाऐवजी 100 वॅटच्या ट्यूब रोज 14 तास धर, महिन्याला 42 युनिट तिथेच गेले, एसी अजून मोजलाच नाही.

सध्या पाइप धुवून ठेवलेत. ऑक्टोबरात परत लावणार, अर्ध्यात बेसिल, कॅफेवाला तेच मागतोय.