भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय: मुंबईच्या माणसांचे घर

मुंबईतील नावाजलेली कलादालने आणि संग्रहालये बहुतांशी फोर्ट आणि काळा घोडा परिसरात एकवटलेली आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र भायखळ्याला, राणीच्या बागेच्या दाराशी उभे आहे, आणि केवळ या जागेमुळे त्याला लाभणारा प्रेक्षक वेगळा आहे. लालबाग, परळ, नागपाडा, माझगाव येथून मुलांना प्राणी दाखवायला निघालेली कुटुंबे येता-जाता येथे सहज डोकावतात. तिकीट नाममात्र असते, माहितीफलकांवर मराठी असते, आणि महापालिकेची वास्तू असल्यामुळे आत शिरताना कोणाला परकेपणा वाटत नाही. स्थानिक लोकांसाठी संग्रहालय काय करू शकते याची चर्चा परिषदांमधून पुष्कळ होते. त्या चर्चेतील पहिली अट, म्हणजे लोकांनी मुळात आत येणे, हे संग्रहालय सहज पूर्ण करते, म्हणून त्याचे परीक्षण या अंगाने करावेसे वाटले.

या संग्रहाची सुरुवातच कारागिरांपासून झाली. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून ज्या वस्तू पाठवल्या गेल्या, त्यांच्या जोडीच्या वस्तू शहरातच ठेवून 1857 मध्ये फोर्टातील टाउन बरॅक्समध्ये संग्रहालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या उठावानंतर ती बराक सैन्यासाठी हवी झाली आणि घाईघाईने हलवताना संग्रहाची मोठी हानी झाली. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या नागरिकांनी पुढाकार घेऊन पैसा उभा केला आणि 2 मे 1872 रोजी सध्याची इमारत लोकांसाठी खुली झाली. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांची नावे लेवून ती शंभरेक वर्षे राहिली. 1975 मध्ये तिला गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत गोरगरिबांवर मोफत उपचार करणाऱ्या आणि प्राचीन शिलालेखांचे वाचन करणाऱ्या डॉ. भाऊ दाजींचे नाव मिळाले. ज्याने लोकवर्गणीसाठी खपून संग्रहालय उभे केले, त्याचेच नाव त्या दारावर असणे मला अत्यंत उचित वाटते.

इमारत देखणी आहे. महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी 2003 पासून केलेल्या जीर्णोद्धारानंतर ती 2008 मध्ये पुन्हा उघडली. त्या कामाला 2005 मध्येच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला होता. हिरवट रंगाच्या भिंती, सोनेरी नक्षीचे लोखंडी खांब आणि इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरशा पाहताना मान वर-खाली करावी लागते. परंतु माझ्या मते या संग्रहालयाचे खरे मर्म वरच्या मजल्यावरील मुंबई दालनात आहे.

तेथे काचेच्या कपाटांत मुंबईची माणसे बसलेली आहेत. वीतभर उंचीच्या मातीच्या प्रतिमा, निरनिराळ्या समाजांची पागोटी, पगड्या आणि टोप्या घातलेली मस्तके, शेतीची आणि घरगुती उद्योगांची छोटी दृश्ये, पारशी दोखम्याची (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची) प्रतिकृती, जुने नकाशे असा सारा ऐवज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, सेसिल बर्न्स क्युरेटर असताना, यांतील पुष्कळ काम झाले. एका पागोट्यापाशी थांबून पाहावे: कापडाचा पीळ कोणत्या बाजूने घातला आहे, टोक कोठे खोचले आहे, कपाळावर किती उतरले आहे, हे सारे मातीत इतक्या काटेकोरपणे उतरवले आहे की घडवणाऱ्या हाताने ते पागोटे स्वतः बांधून पाहिले असावे असे वाटते. मात्र त्या हाताचे नाव सहसा फलकावर नसते, आणि ज्या माणसाचा तो चेहरा आहे त्याचेही नसते. माणसांची नोंद जात, धंदा आणि पोशाख यांनुसार करण्याची साम्राज्याची जी रीत होती, तिचाच हा वारसा आहे. कोणी तरी दुरून येऊन या शहरातील माणसांचे नमुने गोळा केले आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. त्या माणसांना कोणी काही विचारले नाही.

आज त्याच कपाटांसमोर त्यांचे वंशज उभे असतात, आणि येथेच मोठी संधी आहे. मी तेथे असताना एक गृहस्थ आपल्या मुलीला उचलून धरून सांगत होते, "हे बघ, आमचे आजोबा असंच बांधायचे, पण लग्नाकार्याला टोक मोकळं सोडायचे." ही माहिती कोणत्याही फलकावर नव्हती. प्रेक्षकांकडील असे ज्ञान टिपून घेण्याची, जुन्या नोंदीशेजारी त्या त्या समाजातील माणसांच्या शब्दांत दुसरी नोंद लावण्याची कायमची सोय झाली, तर ही कपाटे शहराची खरीखुरी वंशावळ ठरतील. त्यासाठी नवी इमारत किंवा कोट्यवधींचा खर्च लागणार नाही. दालनात बसलेला, मराठी, हिंदी आणि उर्दू समजणारा एक नोंदकर्ता पुरेल.

जुन्या संग्रहाला नवे प्रश्न विचारण्याची रीत मात्र या संग्रहालयात रुजलेली आहे. समकालीन कलावंतांना येथे बोलावून मूळ संग्रहाच्या आणि शहराच्या संदर्भात काम करण्यास सांगितले जाते. 2013 मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचे प्रचंड जाळे टांगले होते, आणि त्या शिक्क्यांवर मुंबईतील रस्त्यांची आता बदललेली जुनी नावे होती. सरकारी कचेरीत रोज आपटला जाणारा शिक्का आणि रोजच्या वाटेचे नाव, या दोन्ही गोष्टी सामान्य मुंबईकराच्या आयुष्यातल्या आहेत. त्यामुळे आधुनिक कला म्हणजे आपल्याला न कळणारे काही तरी, ही धास्ती अशा कामासमोर उरत नाही.

एक अपेक्षा आवर्जून नोंदवतो. संग्रहालयाच्या आसपासचा सारा परिसर म्हणजे गिरणगाव. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर या वस्तीचा चेहरामोहराच पालटला. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसे खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरी आणि कामगार रंगभूमी यांच्या आधारे जगली. बर्न्सच्या काळातील माणसे मातीत घडली, पण या माणसांपैकी कित्येक जण अजून हयात आहेत आणि स्वतः बोलू शकतात. त्यांच्या खोल्यांतील ट्रंका, पितळी डबे, हजेरीची कार्डे आणि मुख्य म्हणजे त्यांचे आवाज या दालनात कायमचे यावेत, आणि ते मांडताना निवड त्यांनीच करावी. काळाचौकीच्या युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे स्वतंत्र संग्रहालय योजलेले आहे, हे खरे. तरीही शहराच्या इतिहासाच्या दालनातील त्यांची जागा त्यामुळे कमी महत्त्वाची ठरत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून चालत जाता येते आणि बुधवारी संग्रहालय बंद असते. रविवारी बागेतील गर्दी आत ओसंडते, त्यामुळे वरचे दालन निवांत पाहायचे असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जावे. इमारतीबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती चुकवू नये. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा यारी तुटून त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो या बागेत उभा करण्यात आला, आणि ज्या बेटाला पोर्तुगिजांनी त्याच्यावरून एलिफंटा हे नाव दिले, त्या बेटाचा तो रहिवासी आजही भायखळ्यात मुक्कामी आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना सोबत अवश्य न्यावे, कारण त्या कपाटांतील बऱ्याच गोष्टींची माहिती फलकांपेक्षा त्यांच्याकडून अधिक मिळेल.