गाडी रिव्हर्स लावू की सरळ?

भाचीने नवी गाडी घेतली. पहिला प्रश्न, "मामा, सोसायटीत गाडी रिव्हर्स लावू की सरळ?"

लावताना रिव्हर्सला कष्ट जास्त, त्यात मागे कुणीतरी हॉर्न वाजवत उभा असतोच. पण वळतात ती पुढची चाकं. म्हणून दोन खांबांमधल्या अरुंद जागेत मागून शिरणं सोपं जातं. सरळ घुसवली तर मागचं चाक आतून कापत येतं आणि दार खांबाला घासतं. माझ्या डाव्या दारावरचा पिवळा ओरखडा त्याचाच.

बाहेर पडताना खरा फरक कळतो. सरळ लावलेली गाडी मागे घेताना शेजारच्या एसयूव्हीआडून येणारं सायकलवरचं पोर दिसतच नाही. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, पण त्यांना मागचं कळतं, बाजूने येणारं नाही.

सामानाला मात्र सरळच बरी. डिकी भिंतीला टेकली की किराणा काढायचा कुठून? तिरप्या आखलेल्या जागेत किंवा मागे तळमजल्याची खिडकी असेल तरीही सरळच.

तुला सकाळी स्कूलबसच्या गर्दीतून निघायचंय, तू घरी रिव्हर्सच लाव. महिन्याचं सामान भरायला गेलीस की सरळ घुसव.