सेकंडहँड ॲटम मिनी लॅपटॉप: मशीन बरंय, पण पेनड्राइव्हला ओळखच देत नाही

मावशीच्या मेसच्या हिशोबासाठी 11 इंची छोटा लॅपटॉप घेतला, सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असलेच डबे त्या काळात डझनभर नावांनी विकले गेलेत, आत माल तोच: इंटेल ॲटम झेड3735एफ, 2 जीबी रॅम, 32 जीबी ईएमएमसी (हार्ड डिस्कच्या जागी असलेली साठवणुकीची चिप), आणि रॅम काय स्टोरेज काय सगळं बोर्डावरच सोल्डर केलेलं, म्हणजे वाढवायचा विषयच नाही.

विंडोज 10 होतं त्यावर, आणि 32 जीबीत विंडोज म्हणजे अपडेट आला की जागा नाही म्हणून रडणार. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्टच संपला. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, इथे यातलं एकही नाही. मग उरतं लिनक्स, विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

लिनक्स टाकायचा पेनड्राइव्ह नीट बनवलेला, दुसऱ्या लॅपटॉपवर मस्त बूट होतो. इथे लावला की लाइट दोनदा लुकलुकते आणि बूट मेन्यूत फक्त 'विंडोज बूट मॅनेजर' ही एकच ओळ. सिक्युअर बूट बंद केलं, फास्ट बूट बंद केलं, पोर्ट बदलला, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून 'यूज अ डिव्हाइस'मधून बघितलं, शून्य. दुकानात नेला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, पोर्ट गेलाय, बोर्ड बदलावा लागेल." अरे पण त्याच पोर्टवर माउस चालतोय, विंडोजमध्ये तोच पेनड्राइव्ह उघडतोय, मग पोर्ट कसा गेला? हे असं छातीठोक सांगणाऱ्या दुकानांना एक स्टार पण जास्तच आहे.

खरं कारण असं की हा प्रोसेसर 64-बिट आहे, पण कंपनीने आत बसवलेलं यूईएफआय फर्मवेअर (मशीन चालू होताच आधी चालणारा, विंडोज किंवा लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम) 32-बिट आहे, तेव्हा या स्वस्त मशीनवर विंडोजच 32-बिट यायचं ना. आता असं फर्मवेअर पेनड्राइव्हवर एकच फाइल शोधतं, ईएफआय फोल्डरच्या आतल्या बूट फोल्डरमधली बूटआयए32.ईएफआय. बऱ्याच 64-बिट आयएसओंमध्ये (लिनक्स टाकायच्या इमेज फाइलींमध्ये) नुसती बूटएक्स64.ईएफआय असते, ती याच्या कामाची नाही, म्हणून एरर पण देत नाही, पेनड्राइव्ह लावलाच नाही असं समजून पुढे जातो. आणि रूफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) एमबीआर-लेगसी, म्हणजे जुन्या बायोसची पद्धत, करून बघा हा सल्ला सगळे देतात, पण या मशीनच्या सेटिंगमध्ये लेगसी नावाचा पर्यायच नाही.

म्हणून आयएसओ उतरवली की आधी ती उघडून ही फाइल आहे का बघायचं. लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) 32-बिट फर्मवेअरवरून 64-बिटमध्ये चढता येतं ते 3.15 पासून, म्हणजे 2014 पासून, आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने 2015 च्या आवृत्ती 8 मध्ये मल्टी-आर्क (32 आणि 64-बिट दोन्ही असलेल्या) इमेजमधून याची सोय केली. मी पण डेबियनच टाकलं. पेनड्राइव्ह एफएटी32 ठेवला, मेन्यूत त्याचं नाव दिसलं आणि मावशी म्हणाली, "झाला का रे चालू?" तेवढ्यात इन्स्टॉलर वर आला पण होता.

वायफायची चिप रिअलटेक 8723बीएस आहे, तिला स्वतःचं वेगळं फर्मवेअर (चिप चालवणारी छोटी फाइल) लागतं. डेबियन 12 पासून असली फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतात, त्याआधीची आवृत्ती असेल तर हाताने घालत बसा. डेस्कटॉप हलका घ्या, मी एक्सएफसीई घेतलं, शीट आणि ब्राउझरचे दोन-तीन टॅब आरामात, त्यावर गेलात की 2 जीबी रॅम जीभ बाहेर काढते. फॅन नाही त्यामुळे मशीन एकदम गप्प आणि मेसच्या पिठाच्या धुळीत ते बरंच. कीबोर्ड छोटा आहे, उजवीकडचं शिफ्ट शोधावं लागतं.

घेणार असाल तर दुकानातच सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा. तिथे '32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स64-बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलं असेल, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड यूईएफआय दिसला, तर हेच प्रकरण समजा आणि भाव पाडून मागा. लिनक्स टाकता येणाऱ्यानेच घ्या, बाकीच्यांनी थोडे पैसे घालून 4 जीबीवालं बघा. पाचपैकी तीन. अर्धा स्टार स्पीकरसाठी कापला असता, आवाज अजून एचडीएमआयवरूनच येतो, पण डब्यांच्या हिशोबाला आवाज लागत नाही असं मावशीच म्हणाली.