बेसल सेल की स्क्वॅमस सेल? न भरणारी जखम आणि घाईचा हिशेब

मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, बाजूला ठेवला तर त्वचेच्या कर्करोगाचे नेहमी आढळणारे प्रकार दोन: बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल. वेळेत काढले तर दोन्ही बहुतेक वेळा पूर्ण बरे होतात. फरक आहे तो घाईत.

बेसल सेल सावकाश वाढतो. नाक, गाल, पापणीची कड या त्याच्या ठरलेल्या जागा. परदेशी पुस्तकांत तो मोत्यासारखा चमकणारा दाणा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर मात्र बहुधा काळपट असतो आणि तीळ म्हणून खपून जातो. उजेडात नीट पाहा: कड किंचित उचललेली, मधे खळगा, त्यावर खपली. खपली पडते, थेंबभर रक्त येतं, परत धरते. महिनोन्‌महिने हाच खेळ. तो शरीरात इतरत्र जवळजवळ कधीच पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत हाडापर्यंत पोचू शकतो. असा ‘तीळ’ तपासणीशिवाय जाळून घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक: वरची कातडी भरते, मुळं खाली वाढत राहतात.

स्क्वॅमस सेलला इतका धीर नसतो. जाड, खरखरीत, कोबीच्या गड्ड्यासारखी वाढ किंवा कडक काठाचा व्रण काही आठवड्यांत मोठा होतो, आणि तो जवळच्या लसिकाग्रंथींत (गाठींत) उतरू शकतो. उन्हाने खालच्या ओठावर, कानावर होतोच. पण ‘आम्ही काळे, आम्हाला काय होणार’ हा हिशेब इथे चुकतो. भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षं वाहणारी पायाची जखम, परकराच्या नाडीने कमरेवर पडलेला काळा, जाड पट्टा, या उन्हाशी संबंध नसलेल्या जागीही तो उगवतो. धोतराच्या काचण्यामुळे कमरेवर होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच केली होती. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या (निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीच्या) धगीने तोच होतो. नाडी रुंद पट्ट्याची घ्या, बांधायची जागा बदलत राहा.

गोरी कातडी, जन्मजात रंगहीनता, पाण्यातलं आर्सेनिक यांमुळे दोन्हींचा धोका वाढतो. किडनी बदललेल्यांना मात्र स्क्वॅमस सेलचा धोका फार जास्त, त्यांनी वर्षातून एकदा तरी सगळी त्वचा तपासून घ्यावी.

निदान बायोप्सीनेच. तुकडा व्रणाच्या काठावरून घ्यावा लागतो. मधला मेलेला भाग घेतला तर अहवाल फसवा येतो. बेसल सेल दोन सेंटिमीटरहून लहान आणि स्पष्ट काठाचा असेल तर भोवतालची ४ मिलिमीटर निरोगी कातडी धरून काढतात. पापणी-नाकावर मोह्‌स शस्त्रक्रियेचं विचारा, तीत थर काढून लगेच तपासतात म्हणून कातडी वाचते. कमी जोखमीच्या स्क्वॅमस सेलला ४ ते ६ मिलिमीटर, आणि मान, काख, जांघेतल्या गाठी चाचपणं आलंच.

चेहऱ्यावरची खपली चार आठवड्यांत गेली नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जुन्या व्रणात नवी गाठ किंवा कडक काठ दिसला तर याच आठवड्यात जा.