सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ९ वर: कार्यालयीन सर्व्हरचा दहा महिन्यांचा अनुभव

आमच्या कार्यालयात पस्तीस माणसे आहेत आणि त्यांच्यासाठी सर्व्हर एकच, तोही २०१३ मध्ये घेतलेला. सामाईक फायली, हजेरी-पगाराचा पीएचपीमधला प्रोग्रॅम आणि त्याचा डेटाबेस हे सगळे त्याच्यावरच चालते. ३० जून २०२४ रोजी त्यावरच्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत संपली, म्हणजे तिची अद्यतने थांबली, आणि पुढच्या आठवड्यात सवयीने यम अपडेट (अद्यतने घेण्याची आज्ञा) दिले, तेव्हा मिररलिस्टचा, म्हणजे अद्यतने जिथून उतरतात त्या सर्व्हरांच्या यादीचा, पत्ताच सापडत नसल्याचा संदेश आला. मुदतीची तारीख आधीपासून माहीत असूनही आम्ही चालढकल केली होती, हे कबूल करतो.

दुसऱ्या घराण्यातली डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली मला स्वतःला आवडते, पण आमच्या सगळ्या स्क्रिप्ट आणि टिपणे सेंटओएसप्रमाणे रेड हॅट घराण्यातली असल्यामुळे निवड त्याच घराण्यातल्या रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स या दोहोंत उरली. ती सोडवली रेड (RAID) कंट्रोलरने, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाने. रेड हॅटने नव्या आवृत्त्यांतून बऱ्याच जुन्या कंट्रोलरचा आधार काढून टाकला आहे. अल्मालिनक्सने मे २०२४ मधील ९.४ पासून त्यांतल्या अनेकांचा आधार पुन्हा सुरू केला आणि आमचे मेगारेड कार्ड नेमके त्यांतले निघाले. शिवाय आवृत्ती ९ ला सुरक्षा-अद्यतने २०३२ पर्यंत मिळणार आहेत.

एलिव्हेट हे साधन चालू प्रणालीला जागच्या जागी आवृत्ती ७ वरून ८ आणि ८ वरून ९ असे नेते. एका प्रतीवर ते चालवून पाहिले. काम झाले, पण बाहेरच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) घेतलेली जुनी पॅकेजे तशीच चिकटून राहिली. शेवटी नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी नव्या डिस्कवर कोरे इन्स्टॉलेशन केले. जुन्या डिस्क काढून कपाटात ठेवल्यामुळे परतीची वाट मोकळी होती.

खरा वेळ खाल्ला तो डेटाबेसने. आमच्या मारियाडीबी ५.५ या डेटाबेसमधील तक्ते लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांची जुनी संकेतपद्धती) म्हणून नोंदलेले, आत मात्र यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्यांची संकेतपद्धती) अक्षरे. जुना प्रोग्रॅमही लॅटिन-१ मध्येच बोलत असल्याने ही चूक कधी दिसलीच नव्हती. मारियाडीबी १०.५ वर आणल्यावर कर्मचाऱ्यांच्या मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हांच्या रांगा उमटल्या. डंप (डेटाबेसची फाइलरूपी प्रत) लॅटिन-१ म्हणूनच काढून, फाइलमधील तक्त्यांची नोंद बदलून यूटीएफ-८ म्हणून भरला, तेव्हा नावे सरळ झाली. प्रोग्रॅम पीएचपी ५.४ चा होता, आणि त्यातली मायएसक्यूएलची जुनी फंक्शने पीएचपी ७ मध्येच काढून टाकलेली असल्याने त्याची दुरुस्ती वेगळी करून घ्यावी लागली.

सोमवारी सकाळी दुसरी तक्रार आली: झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये पोचत नव्हता. सामाईक फोल्डर पुरवणाऱ्या सांबा या प्रोग्रॅमने ४.११ पासून एसएमबी १ (फायली पाठवण्याची जुनी, कमी सुरक्षित पद्धत) मूळ मांडणीतच बंद ठेवले आहे आणि त्या मशीनला दुसरे काही येत नाही. एसएमबी १ संपूर्ण सर्व्हरवर पुन्हा चालू करणे मला पटले नाही, म्हणून स्कॅनसाठी एफटीपी या फायली पाठवण्याच्या दुसऱ्या जुन्या पद्धतीचे एक मर्यादित खाते काढून दिले. एफटीपी काही फारसे सुरक्षित नाही, पण निदान ते खाते एकाच फोल्डरपुरते आहे.

त्यानंतर अल्मालिनक्सच्या ९.५ आणि ९.६ या आवृत्त्या डीएनएफने (यमच्या जागी आलेल्या आज्ञेने) घेतल्या. दोन्ही वेळा एकदा रीबूट एवढाच खंड पडला. मे २०२५ मध्ये आवृत्ती १० आली आहे. तिची मुख्य बांधणी आमच्या प्रोसेसरवर चालणार नाही. जुन्या प्रोसेसरांसाठी अल्मालिनक्सने वेगळी बांधणी दिली आहे खरी, पण या यंत्रावर १० चढवण्याऐवजी मी नव्या सर्व्हरचे दरपत्रक मागवले आहे.