लाळेवरून उंची-वजन सांगणारी डीएनए तपासणी : पाचपैकी दोन तारे

माझं परभणीत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, दिवसभर गळ्यात टेप. लेक सतरा वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करायली. मुलींना 155 सेंटिमीटर लागतात आणि ती 153 वर अडकलेली. जिममधली जाहिरात बघून आम्ही मायलेकी दोघींनी ही तपासणी केली.

लाळ न्यायला आलेला मुलगा वेळेवर आला, नळी कशी भरायची ते नीट दाखवलं. रिपोर्टही मराठीत. दोन तारे त्याचेच.

राग आला तो वजनाच्या पानाचा. तिथं 'सीआरईबीआरएफ' नावाच्या जनुकापुढं दोघींनाही हिरवी खूण : वजन वाढवणारा बदल नाही, धोका कमी. माझा भाऊ ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, "ताई, परभणीत ही खूण हिरवी येणार नाही असा माणूस दाखव मला."

हा बदल सापडला प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर, तीन हजारांवर लोक तपासून, 2016 साली. तिथल्या जवळपास निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत असते. त्या बेटांच्या पट्ट्याबाहेर तो जवळजवळ नाहीच. एका प्रतीमागं बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साधारण 1.4 नं वाढतो, उंचीही थोडी जास्त भरते. आणि अंग भरूनही मधुमेहाची शक्यता उलट घटते!

आपलं गणितच वेगळं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःचं नि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचं माप छापलं होतं. बीएमआय दोघांचा 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, त्या इंग्रजाची 9.1. मीच बघा, 51 किलोची, तरी तीन वर्षांपासून साखरेची गोळी चालू. मला 'धोका कमी' वाचून काय करायचं? एखादी बाई हे वाचून रक्त तपासायचंच सोडून देईल.

उंचीच्या पानावर लेकीला '158 पर्यंत वाव' लिहिलं. उंचीशी जोडलेले 12,111 बदल 2022 च्या अभ्यासात सापडले, तेही बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवरून. हे रिपोर्टात कुठंच नाही. लेकरू चार महिने त्या आकड्यावर विसंबून पहाटे दोरीउड्या मारत राहिलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. हाडांच्या वाढीच्या जागा भरून आल्यात, आता उंची वाढायची नाही, म्हणाले.

तो एक्स-रे आधी काढायला कुणी सांगितलं असतं, तर तिचे चार महिने दुसऱ्या परीक्षेच्या अभ्यासात गेले असते.