बावीस टाके, वापरात चार: नव्या घरात आठ महिने चाललेलं झिगझॅग मशीन

मशीनचा प्रकार आधी सांगायला हवा. हे विजेवर चालणारं, टेबलावर ठेवायचं घरगुती झिगझॅग मशीन आहे. बावीस टाके, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) समोरून बसणारी, काज चार टप्प्यांत होणारं, वजन सात किलोच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या वर्गातली मशीन्स आतून बरीचशी सारखीच असतात, आणि खालच्या तक्रारी थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतात.

आठ महिन्यांत त्यावर झालेलं काम: सात पडदे, कुशनचे बारा अभ्रे, दाराची दोन तोरणं, तीन दुपटी, एक सिंगल गोधडी, शिवाय पिशव्या, पोळ्यांचे रुमाल, पायपुसणी असली किरकोळ शिवण. म्हणजे नव्या घराला पहिल्या वर्षात जे लागतं ते सगळं. ब्लाउज-ड्रेसची गिऱ्हाइकी करणाऱ्यांनी या अनुभवावर जाऊ नये, त्यांचं गणित वेगळं आहे.

दुकानात सगळं बोलणं टाक्यांच्या संख्येवर चालतं. प्रत्यक्षात चार टाके वापरात आले: सरळ टीप, साधा झिगझॅग, तीन टाक्यांचा तुटक झिगझॅग आणि काज. पानं, बदकं, लाटा ही नक्षी एकदा रुमालावर करून झाली की संपली. त्यापेक्षा पट्टी घेऊन जा आणि सुईपासून मशीनच्या उभ्या खांबापर्यंतचं अंतर मोजा. इथे ते साडेसहा इंच आहे. गोधडीची गुंडाळी याच फटीतून जायची असते, त्यामुळे किती मोठी वस्तू शिवता येईल ते टाके ठरवत नाहीत, ही फट ठरवते.

पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकाची एकच तक्रार असते: कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिन केसचा स्क्रू फिरवत बसतात आणि नीट असलेलं बिघडवतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबून धरणारं फूट खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरच्यावर राहतो. मग वरून ताणच नसतो आणि बॉबिन केसभोवती फिरणारं शटल हवा तेवढा दोरा खाली ओढून घेतं. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा, आणि वर-खाली होणाऱ्या आकड्यात तो अडकल्याची खात्री करा. टेन्शन ४ वर ठेवून आधी एवढंच करून बघा. खालचा ताण तपासायचा तर बॉबिन केस दोऱ्याला लटकवा. नुसती लटकवली की जागेवर राहिली पाहिजे, हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली यावी. सरसर घसरली तर स्क्रू पाव फेऱ्याहून कमी आवळा, हललीच नाही तर तेवढाच सैल करा.

दुसरी तक्रार टाका सुटण्याची. इथे शंभरात नव्वद वेळा सुईच गुन्हेगार असते. या मशीनला सपाट बाजूच्या दांड्याची घरगुती सुई लागते आणि सपाट बाजू मागे येते. टेलरच्या जलद मशीनची गोल दांड्याची सुई दुकानदार ‘चालेल’ म्हणून देतो, ती चालत नाही. सुई वरपर्यंत न ढकलता स्क्रू आवळला तरी टाके सुटतात, कारण शटलचं टोक दोऱ्याच्या फासात वेळेवर पोचत नाही. मलमल आणि पातळ सुतीला ११ नंबर, चादरीच्या कापडाला १४, जाड पडदा, डेनिम, गोधडी यांना १६. टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई मिळते. साध्या सुईने त्यावर टाके सुटणारच. सुई साधारण आठ तासांच्या शिवणीनंतर बदलावी. कापडातून जाताना ‘टप् टप्’ असा आवाज यायला लागला की टोक बोथट झालंय असं धरून चाला.

दोरा स्पन पॉलिएस्टरचा घ्या. स्वस्त सुती रिळाचा भुसा दातांत आणि शटलमध्ये इतका साचतो की चार पडद्यांनंतर दात कापड पुढे सरकवेनासे होतात. टेलरचा मोठा कोन परवडतो, पण मशीनच्या आडव्या दांडीवर तो बसत नाही. मशीनच्या मागे एका मगात उभा ठेवायचा आणि दोरा वरून घ्यायचा.

पडद्यांचा हिशेब सविस्तर देतो, कारण कापड कमी पडतं ते इथेच. दार किंवा बाल्कनीचा पडदा रॉडपासून जमिनीपर्यंत ८४ इंच धरा. जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायचा, म्हणजे तयार उंची साडेत्र्याऐंशी. वर रिंगांसाठी बकरमच्या (ताठ अस्तराच्या) पट्टीवर साडेचार इंच, खाली तीन-तीन इंचांची दुहेरी दुमड म्हणजे सहा. झाले ९४. सुती कापड आटतं, त्याचे तीन इंच धरले की ९७, म्हणजे एका पन्ह्याला अडीच मीटर. पन्हा ४८ इंची असेल तर दोन्ही कडांना एक-एक इंचाची दुहेरी दुमड घालून ४४ उरतात. पाच फुटी रॉडवर असे दोन पन्हे लावले की जेमतेम दीडपट चुणी पडते. भरगच्च हवं तर तीन पन्हे घ्या.

रिंगा नेहमी सम संख्येत, नाहीतर पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे तोंड करून राहते. ४४ इंचांत आठ रिंगा, पहिलीचा मध्य कडेपासून अडीच इंचांवर, पुढचं अंतर साडेपाचच्या किंचित वर. एक इंची रॉडला रिंगेचं आतलं भोक ४० मिलिमीटर असलं की पडदा सरकताना अडत नाही. आणि खालची दुमड शेवटी घाला. पडदा टाचण्या लावून दोन-तीन दिवस लटकू द्या, कापड स्वतःच्या वजनाने उतरतं. मग मापून टीप मारा. ही घाई केली की एक पडदा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लांब, आणि ते पाहुण्यांनाच आधी दिसतं.

अंधार करणाऱ्या, मागून थर दिलेल्या पडद्याच्या कापडात टाचणीचं भोक कायम राहतं. तिथे कपड्याचे चिमटे वापरा आणि टाका ३.५ मिलिमीटरचा ठेवा; बारीक टाका त्या थराला तिकिटाच्या कडेसारखी भोकं पाडतो.

कोपऱ्यावर दुमड आणि कड एकत्र येतात तिथे आठ-नऊ थर होतात. फूट उंचवट्यावर चढताना मागे कलतं, दात घसरतात आणि टाके एका जागी गोळा होतात. यात मोटरचा दोष नाही. फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवली की फूट सपाट होतं आणि मशीन पुढे जातं. शेवटचे दोन-तीन टाके हाताने चाक फिरवून घ्या.

अभ्र्यांना चेन लावण्याचा खटाटोप या मशीनवर करता येतो, पण गरज नाही. सोळा इंची कुशनला पुढचा तुकडा १७×१७, मागचे दोन १७×१२. मागच्या दोन्ही तुकड्यांची एक-एक कड इंचभर दुमडून टीप मारली की ते अकरा-अकरा उरतात आणि एकमेकांवर पाच इंच चढतात. कुशन आत घालायला तोंड पुरतं आणि पाठीमागून उघडंही पडत नाही. १७, १२ आणि १२ मिळून ४१, म्हणजे ४४ इंची पन्ह्यात एक अभ्रा एका ओळीत बसतो. पाच अभ्र्यांना सव्वादोन मीटर, आटण्यासकट.

दुपट्यांसाठी जुन्या सुती साडीला तोड नाही. साडेपाच मीटरच्या साडीतून ३५ इंची सहा चौकोन निघतात. एक वर, एक खाली, मध्ये दोन अशा चार थरांचं दुपटं धरलं तर दोन साड्यांत तीन दुपटी. साडी फारशी नेसलेली नसेल तर आधी खळ पूर्ण धुऊन काढा, नाहीतर दुपटं पापडासारखं कडक होतं. विरलेला भाग मधल्या थरांत घाला. जर आणि टिकल्यांचे काठ बाळाच्या अंगाला नकोत. ते पिशवीला लावा.

मशीनवर थर जोडताना मोठी अडचण अशी की दात खालचा थर ओढतात आणि फूट वरचा थर मागे रेटतं. तीन फुटांच्या शिवणीत वरचा थर सहज पाऊण इंच जास्त उरतो आणि शेवटी सुरकुती पडते. उपाय तीन. थरांना दर चार बोटांवर सेफ्टी पिन. फुटाचा दाब कमी करायची सोय असेल तर कमी. आणि वॉकिंग फूट, जे वरूनही दातांनी कापड सरकवतं. ते वेगळं विकत घ्यावं लागलं, आणि मशीनसोबत आलेल्या सगळ्या जादा फुटांपेक्षा हेच कामाचं निघालं. शिवण मधल्या रेषेपासून सुरू करून बाहेर न्या. हाताची गोधडी कडेकडून आत येते, कारण बाई कापड हाताने सारखं करत पुढे सरकते. मशीनवर तसं केलं तर सगळा ढिलेपणा मध्यावर गोळा होतो.

टाका ४ मिलिमीटरचा, टेन्शन ३, रेषा दोन-दोन इंचांवर. २.५ च्या टाक्याने शिवलेलं पहिलं दुपटं पुठ्ठ्यासारखं उभं राहत होतं. मशीनची गोधडी हातच्या धावदोऱ्याइतकी मऊ पडत नाहीच. दोन्ही बाजूंचा दोरा थरांना घट्ट आवळून धरतो, तर धावदोऱ्यात एकच दोरा सैलसा फिरतो. साठ बाय नव्वद इंचांची सिंगल गोधडी ही या मशीनची शेवटची मर्यादा. मध्यावर शिवताना अर्धी गोधडी, म्हणजे तीस इंच रुंदी, त्या साडेसहा इंचांत गुंडाळून कोंबावी लागते आणि उरलेलं वजन टेबलावरून लोंबलं की सुई वाकते. डावीकडे खुर्ची लावून तिच्यावर भार ठेवा. डबलबेडची गोधडी हवी असेल तर मशीनवर तुकडे जोडा आणि थर हातानेच टाचा.

तोरणाचं थोडक्यात. तीन फुटी चौकटीला सहा झालरी, प्रत्येकी वरच्या कडेला सात इंच रुंद कापायची, शिवून सहाची होते. खणाचं कापड कापताक्षणी सुटायला लागतं, म्हणून उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारी कॅनव्हास लावून मगच कात्री चालवा. टोकाशी सरळ कोन करून वळू नका. एक टाका आडवा घेऊन मग वळा. उलटल्यावर टोक टोकदार येतं, नाहीतर गाठ राहते.

आता घरातली जागा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर पेडल पुढे पळतं आणि माणूस खुर्चीसकट त्याच्यामागे. खाली गालिच्याखालची रबरी जाळी घाला. जुन्या योगा मॅटचा तुकडा मशीनखाली टाकला की टेबल थरथरत नाही आणि खालच्या मजल्याला दुपारचा ‘घर्रर’ कमी ऐकू जातो. जेवणाचं टेबल तीस इंच उंच असतं, शिवायला ते जरा जास्त होतं. खुर्चीवर उशी घेतली की कोपर बरोबर येतं. काढणं-मांडणं पाच मिनिटांचं आहे, त्यामुळे रात्रीच्या जेवणाआधी टेबल मोकळं होतं. दोरे मात्र पोळीच्या डब्यापर्यंत पोचतात, त्याला इलाज सापडलेला नाही.

घरातल्यांना कामात घ्यायचं तर शिवण सोडून बाकी सगळं वाटता येतं. कोणी कापड इस्त्री करावं, कोणी बॉबिन भरावं, आणि अभ्र्याचे कोपरे उलटून काढायला मुलांइतकं उत्साही कोणी नाही. पेन्सिलची बोथट बाजू द्या, कात्रीचं टोक नको. आठ-दहा वर्षांच्या मुलाने चाक हाताने फिरवत रुमालाची कड शिवायला हरकत नाही. रांगतं बाळ असेल तर उठताना फक्त दिवा बंद करून भागत नाही, पेडलची पिनच काढून ठेवा. टाचण्या मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या, आणि शेवटी लोहचुंबक फरशीवरून फिरवायचं.

मोडतोड एकच झाली: सुईत दोरा ओवणारा आकडा. भोकातून जाणारा तो हूक केसाएवढा असतो. सुई पूर्ण वर नसताना तो खाली ओढला, किंवा तो खाली असताना चाक फिरलं, की वाकलाच. ११ नंबरच्या सुईत तो तसाही चुकतो. बदलून घेतला नाही. हाताने ओवणं चालू आहे.

तेलपाणी दर आठ-दहा तासांच्या शिवणीनंतर. शटल बाहेर काढा, ब्रशने भुसा काढा, शटलच्या खाचेत मशीनच्या तेलाचा एक थेंब, मग चिंधीवर दहा-बारा टाके, म्हणजे डाग तिथेच पडतो. खोबरेल तेल चुकूनही नको. थंडीत गोठतं, नंतर चिकट होतं आणि चाक हातानेही फिरत नाही. पावसाळ्यात सुई काढून ठेवलेली बरी, विशेषतः कोकणपट्टीत. आठवडाभर तसंच राहिलं की सुईवर गंजाचा ठिपका येतो आणि तो पहिल्याच टाक्याला पांढऱ्या दुपट्यावर उमटतो.